लहानपणीच्या कार्टून मालिका आजच्या मुलांना दाखवाव्यात का, आणि दाखवायच्या तर कोणत्या?

अंत्रुजकर (माशेल)

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयाने येत्या मे महिन्याच्या सुट्टीत मुलांसाठी दर रविवारी सकाळी एक कार्यक्रम ठेवायचे ठरवले आहे. त्यातील तासभर आपल्या लहानपणीच्या कार्टून मालिका दाखवाव्यात, अशी सूचना मी समितीच्या बैठकीत मांडली आणि ती लगेच मान्य झाली, कारण समितीतले बहुतेक जण माझ्याच वयाचे, नव्वदच्या दशकात शाळेत असलेले आहेत. 'जंगल बुक'चे नाव निघाले मात्र, बैठकीपुढचे बाकीचे विषय तसेच राहिले आणि सगळे जण मोगली, बघीरा आणि शेरखान यांच्याविषयी भरभरून बोलू लागले.

त्यानंतर मी घरी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला त्या मालिकेचा एक भाग दाखवला. तो शांतपणे शेवटपर्यंत बसला, पण किती वेळ उरला आहे याची त्याने मध्येच चौकशी केली, आणि भाग संपल्यावर "बाबा, तुम्हांला हे एवढे का आवडायचे?" असे विचारले. त्याच्या विचारण्यात कुचेष्टा नव्हती. त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते, आणि तेव्हापासून तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

मला आठवते ते असे. आमच्या वाड्यावर तेव्हा रंगीत दूरचित्रवाणी संच एकाच घरी होता. रविवारी सकाळी त्या घराच्या दारात चपलांचा ढीग पडायचा आणि वसरीवर बसायला जागा उरायची नाही. घरच्या वहिनी पोदेराकडचे (पाववाल्याकडचे) उंडे, म्हणजे गोल पाव, आणि चहा सगळ्यांपुढे ठेवायच्या. शेजारच्या वाड्यावरची ख्रिस्ती मुले चर्चमधली प्रार्थना आटोपून ठेवणीतल्या कपड्यांतच धावत यायची, तरीही त्यांच्या वाट्याला पुष्कळदा भागाचा उत्तरार्धच यायचा, म्हणून सोमवारी शाळेच्या वाटेवर आम्ही त्यांना सुरुवातीची हकिकत सांगायचो, आणि सांगताना तिच्यात आपल्या पदरची भर घालायचो. वाऱ्याने अँटेना फिरली की एक जण छपरावर चढायचा आणि दुसरा खिडकीत उभा राहून चित्र आले की गेले ते ओरडून सांगायचा. इकडे मोठी माणसे मासळीच्या बाजारातून परतायच्या आत भाग संपलेला असावा, अशी प्रत्येकाची धडपड असे, कारण एकदा ती घरी आली की कामे सांगायला सुरुवात होई.

मला विचारायचे आहे ते हे की, या मालिकांमध्ये स्वतःचा असा काही गुण होता, की आपण इतकी वर्षे जपले आहे ते केवळ त्या वसरीवरचे एकत्र बसणे? गुण असेल तर कोणत्या मालिका आजच्या मुलांपुढे ठेवण्याजोग्या आहेत? आणि एकत्र बसणेच मोलाचे असेल, तर आपल्या हौसेखातर मुलांना तासभर बसवून ठेवण्यात अर्थ आहे का? जाणकारांनी मोकळेपणाने लिहावे.

मांडवीकाठ (पणजी)

माझे पोटच ॲनिमेशनच्या व्यवसायावर आहे, त्यामुळे या प्रश्नाकडे मला एकाच वेळी त्या मुलांपैकी एक म्हणून आणि कारागीर म्हणून पाहावे लागते. माझ्या मते तुमच्या दोन्ही शंका खऱ्या आहेत, पण सर्व मालिकांच्या बाबतीत सारख्या प्रमाणात नाहीत. आपण सरसकट 'जुनी कार्टून' म्हणतो त्यात अगदी वेगवेगळ्या कुळीच्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, आणि त्या निवडून बाजूला केल्याशिवाय उत्तर सापडणार नाही.

'टॉम अँड जेरी'पासून सुरुवात करतो. आपण ती घरात बसून पाहिली, पण ती मुळात दूरचित्रवाणीसाठी केलेलीच नव्हती. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० पासून एमजीएम या कंपनीत ते सुमारे सात मिनिटांचे लघुपट चित्रपटगृहांसाठी तयार केले आणि त्यांपैकी सात लघुपटांना ऑस्कर मिळाले. चित्रपटाच्या एका सेकंदात चोवीस चौकटी असतात. या लघुपटांमध्ये एका सेकंदासाठी बारा, आणि हालचाल जलद असेल तेथे चोवीसपर्यंत वेगळी चित्रे हाताने काढलेली असत. टॉम दाराआड दबा धरून बसतो ते दृश्य एकदा थांबवत थांबवत पाहा. झेप घेण्याआधी त्याचे सगळे अंग मागे दबते, पाठ ताणली जाते, आणि झेप चुकल्यावर शेपूट शरीराच्या मागून, क्षणभर उशिरा येते. स्कॉट ब्रॅडली यांचे संगीतही पावलापावलाला बांधलेले आहे. एका लघुपटात टॉम पियानोवर लिस्ट या संगीतकाराची दुसरी हंगेरियन रॅप्सडी वाजवतो आणि जेरी पियानोच्या आतून त्याला सतावतो. त्यातला विनोद संगीत काढून घेतले तर शिल्लकच राहत नाही. त्या मालिकेला वसरीची गरज नव्हती. ती आजही कोणत्याही मुलापुढे लावा, ते हसेल. आणि तिच्यात संवाद जवळजवळ नसल्यामुळे घरी मराठी, कोंकणी, हिंदी किंवा इंग्रजी काहीही बोलणारी मुले तिच्यापुढे एकत्र बसू शकतात.

१९५७ मध्ये एमजीएमने आपला कार्टून विभाग बंद केला. त्यानंतर याच दोघांनी स्वतःची कंपनी काढून दूरचित्रवाणीसाठी काम सुरू केले, आणि तेथे पैसाही थोडा होता, वेळही थोडा होता. मग त्यांनी चित्रे कमी करण्याच्या युक्त्या शोधल्या. योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय का असतो, याचा विचार लहानपणी कोणी केला नसेल. शरीराचे चित्र तेच ठेवून फक्त डोके हलवायचे असेल तर मानेपाशी जोड दिसतो, आणि तो जोड कॉलरखाली झाकता येतो. फ्लिंटस्टोन कुटुंबातील फ्रेडच्या टायचेही तेच काम आहे. पात्र धावू लागले की मागे तेच झाड आणि तीच खिडकी पुन्हा पुन्हा सरकत जाते. दूरदर्शनवर आपण पाहिलेल्या, दुसऱ्याच कंपनीच्या 'ही-मॅन'मध्येही तलवार उंचावून राजपुत्राचे रूप पालटते ते दृश्य भागाभागांत तेच वापरलेले असे. आपण मात्र त्याच क्षणासाठी श्वास रोखून बसायचो. अशा मालिका मला आजही प्रिय आहेत, पण त्यांचा बराचसा आनंद तुमच्या वसरीने दिलेला आहे, असे मला वाटते. आजच्या मुलाला ते सरकणारे झाड लगेच दिसते.

'डकटेल्स'चे बळ कथेत होते. अंकल स्क्रूज हे पात्र कार्ल बार्क्स यांनी १९४७ मध्ये चित्रकथेसाठी निर्माण केले होते आणि पुढे त्याच्या साहसकथांची एक भक्कम परंपराच तयार झाली होती. १९८७ च्या मालिकेला ती आयती मिळाली. खजिना, नकाशा, शाप, पळवापळवी आणि त्यात पैशाला जपणारा पण नातवंडांच्या वयाच्या मुलांसाठी जीव टाकणारा एक म्हातारा, एवढे असले की कोणत्याही काळातले मूल गोष्टीत गुंतते.

आता 'जंगल बुक'. ती मालिका जपानच्या निप्पॉन ॲनिमेशन या कंपनीने १९८९-९० मध्ये केली आणि तिचे ५२ भाग आहेत. जपानी दूरचित्रवाणीतही चित्रे मोजूनमापून काढावी लागत, पण त्यांनी तो काटकसरीचा भाग वेगळ्या रीतीने पेलला. पात्रे थांबतात, कोणीही बोलत नाही, आणि रंगवलेल्या रानावरून कॅमेरा सावकाश फिरतो. तुमच्या मुलाला जे रेंगाळणे वाटले ते बहुधा हेच असावे. शिवाय ती सलग चालणारी कथा आहे. मोगली तिच्यात वाढतो, चुकतो, शिकतो. तिचा मधलाच एक भाग दाखवून मुलाची परीक्षा घेणे योग्य होणार नाही. पहिल्या भागापासून चार-पाच भाग सलग दाखवा आणि मग त्याचे मत विचारा.

एक गोष्ट आपण नेहमी विसरतो. आपल्या मनात राहिलेली 'जंगल बुक' पुष्कळशी भारतात घडलेली आहे. दूरदर्शनवर ती १९९३ मध्ये आली तेव्हा गुलजार यांनी लिहिलेले आणि विशाल भारद्वाज यांनी संगीत दिलेले शीर्षकगीत तिला खास जोडण्यात आले, आणि शेरखानाला नाना पाटेकरांचा आवाज मिळाला. चित्रे तीच ठेवून केवळ आवाज बदलला तर आठवण केवढी बदलते, हे पाहायचे असेल तर तिची इतर भाषेतील आवृत्ती एकदा ऐका. तुमचा मुलगा हिंदी आवृत्ती पाहत होता का, हेही कळवा.

रानवाट (वाळपई)

वरील प्रतिसादात कारागिरीविषयी जे लिहिले आहे ते वाचून फार आनंद झाला. मी सत्तरी तालुक्यातल्या माणसाचा अनुभव जोडतो.

आमच्या गावात शेरखान हे कल्पनेतले पात्र नव्हते. रात्री बिबटा अंगणातून कुत्रे उचलून नेई, आणि सकाळी माणसे ओल्या मातीत उमटलेले ठसे पाहायला जमत. सत्तरीत वाघाला देव मानून त्याच्या दगडी मूर्तींची पूजा होते. माझे आजोबा गुरे घेऊन रानात जात असत आणि त्यांना चित्रवाणीचे काडीचेही कौतुक नव्हते. पण एका रविवारी ते दारातून जाता जाता थांबले, कारण पडद्यावर बघीरा फांदीवर पसरून पडला होता, चारही पाय दोन्ही बाजूंनी खाली सोडलेले आणि शेपटीचे टोक तेवढे हलत होते. "हे काढणाऱ्याने बिबटा पाहिला आहे," एवढेच ते म्हणाले. त्यानंतर मात्र पुष्कळ रविवारी ते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहायचे. बसले असे कधीच नाहीत. लांडग्यांविषयी ते काही बोलत नसत, कारण लांडगे त्यांच्या पाहण्यातले नव्हते, पण अजगर, माकडे आणि रानडुक्कर यांच्याबाबतीत मालिकेत काय बरोबर आणि काय खोटे, हे ते आम्हांला न विचारता सांगत. ती मालिका मी दोन वेळा पाहिली असे मला नेहमी वाटते, एकदा पडद्यावर आणि एकदा आजोबांच्या तोंडून.

बघीरा म्हणजे काळा बिबटा, आणि तो पश्चिम घाटात आहे. गोव्याच्या अभयारण्यांतही त्याची नोंद झालेली आहे. तुमच्या कार्यक्रमात 'जंगल बुक' दाखवणार असाल तर नंतर पंधरा मिनिटे रान जाणणाऱ्या एखाद्या स्थानिक माणसाला बोलवा. माशेलच्या मुलांना म्हादईचे अभयारण्य काही परदेशात नाही. आपल्या जवळच्या रानात तो प्राणी हिंडतो आहे, हे कळल्यावर तोच भाग मुले वेगळ्या नजरेने पाहतील, अशी माझी खात्री आहे.

तळपणचा वारा (काणकोण)

आमच्याकडे रविवारी 'डकटेल्स' आणि 'टेलस्पिन' यांच्या वेळेला वीज गेली की संपूर्ण वाडा हळहळायचा. आपण मुलांना 'टेलस्पिन' अवश्य दाखवा. त्यातला मालवाहू विमान चालवणारा बल्लू समुद्रकाठच्या मुलांना आपलासा वाटतो.

सुरंगी (मडगाव)

वरच्या सर्व प्रतिसादांविषयी आदर ठेवून मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. माझे वय सव्वीस आहे. एकच संच, एकच वाहिनी, आठवड्याची प्रतीक्षा आणि छपरावरची अँटेना यांतले काहीही माझ्या बालपणात नव्हते. भारतात कार्टून नेटवर्क १९९५ मध्ये सुरू झाले, २००४ मध्ये पोगो आणि हंगामा या वाहिन्या आल्या, आणि मला कळू लागले तोवर सकाळपासून रात्रीपर्यंत कार्टून उपलब्ध होती. अंत्रुजकरांच्या म्हणण्याप्रमाणे आठवणीचे मूळ जर त्या दुर्मीळपणात असेल, तर माझ्या पिढीला अशी ओढ वाटताच कामा नये. पण ती वाटते, आणि तितक्याच तीव्रतेने वाटते.

माझी मालिका 'डोरेमॉन', म्हणजे नोबिता नावाचा मुलगा आणि त्याला अजब यंत्रे देणारा यंत्रमांजर डोरेमॉन यांची. ती हिंदीत हंगामा वाहिनीवर २००५ पासून दिसू लागली. शाळेतून आल्यावर दप्तर टाकून मी ती पाहायची, आणि तोच भाग अनेकदा पाहिलेला असला तरी पाहायची. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो, आई-बाबा दोघेही नोकरीला, त्यामुळे पाहताना माझ्यासोबत कोणीही नसे. तरीही ती मालिका मी एकटीने पाहिली असे मला वाटत नाही, कारण दुसऱ्या दिवशी बालरथाच्या, म्हणजे शाळेच्या बसच्या, मागच्या बाकावर तिची उजळणी व्हायची. नोबिताने मागितलेले यंत्र आपल्याला मिळाले तर आपण काय करू, यावर आमचे वाद चालायचे. चाचणी परीक्षेच्या आदल्या दिवशी तर पाठांतराचा पाव (खाल्ला की धडा पाठ होणारा) हवा, यावर सर्वांचे एकमत असायचे.

त्या मालिकेत मुलांच्या खेळण्याची एक मोकळी जागा आहे आणि तिथे सिमेंटच्या तीन मोठ्या नळ्या रचून ठेवलेल्या असतात; दोन खाली, एक वर. नोबिता रडायला तिथे जातो, भांडणे तिथे होतात आणि समेटही तिथेच होतो. आमच्या इमारतीच्या मागेही असाच एक रिकामा भूखंड होता. नळ्या नव्हत्या, पण जांभ्या दगडांचा एक ढिगारा होता, आणि त्यावर बसायचा मान ज्याचा त्याने भांडून मिळवायचा असे. आता तिथे दुसरी इमारत उभी आहे. 'डोरेमॉन'चा कोणताही भाग लावला आणि त्या नळ्या दिसल्या की मला आमचा तो ढिगारा आठवतो, आणि जपानमधल्या कोणा चित्रकाराने तो माझ्यासाठी सांभाळून ठेवला आहे असे वाटते.

म्हणून मला असे वाटते की, एका विशिष्ट वयात, आपल्याच वयाच्या कोणाशी तरी ज्याविषयी रोज बोललो, ते मनात राहते. पडद्यापुढे एकत्र बसणे हा त्याचा एक प्रकार झाला. २००८ पासून आलेल्या 'छोटा भीम'विषयी माझ्या धाकट्या भावंडांचे हेच म्हणणे आहे, आणि आज मुले जे मोबाइलवर पाहतात त्याविषयीही वीस वर्षांनी कोणीतरी असेच लिहील. माझी एक विनंती आहे. तासभरातील अर्धा वेळ मोठ्यांनी निवडलेल्या मालिकांना द्या आणि अर्धा वेळ मुलांनी निवडलेल्या मालिकांना. आणि मुलांची निवड दाखवली जाईल तेव्हा मोठ्यांनीही तिथेच बसून ती पाहावी. चहा प्यायला बाहेर जाऊ नये.

पाटीपेन्सिल (डिचोली)

सुरंगी, तुझे म्हणणे मला पटले आणि तुझ्या शेवटच्या वाक्याला तर माझा पूर्ण पाठिंबा आहे. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. माझ्या वर्गातून 'ही-मॅन' पाहणारी, मोगली पाहणारी आणि डोरेमॉन पाहणारी अशी तिन्ही प्रकारची मुले शिकून गेली, आणि मधल्या सुट्टीतला त्यांचा उत्साह मला सारखाच दिसला.

आतापर्यंतच्या चर्चेत 'छोटा भीम' सोडला तर सगळी नावे परदेशी आहेत, म्हणून एका भारतीय लघुपटाची आठवण करून देते. १९७४ मध्ये फिल्म्स डिव्हिजनने 'एक अनेक और एकता' हा जेमतेम सात मिनिटांचा लघुपट केला आणि दूरदर्शनने तो पुढे कितीतरी वर्षे दाखवला. एक मुलगी आपल्या धाकट्या भावाला एक आणि अनेक यांतला फरक समजावते, आणि मग पारध्याच्या जाळ्यात सापडलेल्या पक्ष्यांची गोष्ट येते; सगळे मिळून जाळ्यासकट उडतात आणि उंदीर ते जाळे कुरतडून त्यांना सोडवतात. त्याच्या दिग्दर्शिका विजया मुळे, मुंबईत जन्मलेल्या. ॲनिमेशन भीमसेन यांचे. संगीत वसंत देसाई यांचे, म्हणजे आपल्या सीमेपलीकडच्या कुडाळजवळील सोनवडे गावच्या माणसाचे. त्यात ऐकू येणारा लहान मुलीचा आवाज पुढे पार्श्वगायिका झालेल्या साधना सरगम यांचा आहे. चित्रे अगदी साधी आहेत. डोळे म्हणजे दोन ठिपके, पक्षी म्हणजे दोन-तीन रेषा. मांडवीकाठ यांनी चित्रांच्या संख्येविषयी लिहिले ते योग्यच आहे, पण इतक्या थोडक्या रेषांतही मूल गुंतते, हे मी पहिलीच्या वर्गात वर्षानुवर्षे पाहिले आहे. मुले ते गाणे म्हणत घरी जात आणि दुसऱ्या दिवशी वर्गातील कोणत्याही दोन वस्तूंवर एक आणि अनेक करून दाखवत.

राम मोहन यांच्या 'मीना'चाही विचार करावा. युनिसेफसाठी केलेल्या त्या मालिकेतील मीना, तिचा भाऊ राजू आणि पोपट मिठू यांच्या गोष्टी मुलींचे शिक्षण, आरोग्य, घरातले वाटप असे विषय घेऊन येतात, पण त्यात उपदेशापेक्षा मीनाची हुशारी जास्त लक्षात राहते. राम मोहन १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात रुजू झाले होते, आणि आपल्या देशातील ॲनिमेशनची कितीतरी माणसे त्यांच्या हाताखाली तयार झाली.

आता जी गोष्ट मला काळजीने सांगायची आहे ती अशी. 'टॉम अँड जेरी'चे चाळीसच्या दशकातील काही लघुपट लावण्याआधी मोठ्यांनी स्वतः पाहून घ्यावेत. त्यांत घर सांभाळणारी एक कृष्णवर्णीय स्त्री आहे. तिचे बहुधा पायच दिसतात आणि तिचे बोलणे हसण्यावारी नेण्यासाठी लिहिलेले आहे. काही लघुपटांत स्फोटाने काळवंडलेला चेहराही तशाच थट्टेसाठी वापरला आहे. लहानपणी आपल्याला त्याचा अर्थ कळत नव्हता, पण आज आपण मोठ्या मंडळींच्या जबाबदारीने मुलांपुढे काही ठेवत आहोत. त्या मालिकेत निवडीला भरपूर वाव आहे, तेव्हा असे लघुपट सहज वगळता येतील.

परवानगीचेही पाहावे लागेल. घरी पाहणे वेगळे आणि वाचनालयात जाहीर कार्यक्रम करून दाखवणे वेगळे, तिकीट नसले तरीही. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटाचे हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षे राहतात, म्हणजे १९७४ चा लघुपटही अजून हक्काखाली आहे. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले, त्यामुळे पत्र तिकडे पाठवावे. परदेशी मालिकांसाठीही त्या त्या हक्कधारकांना वेळेत लिहावे. वाचनालयाच्या शिक्क्यानिशी, मुलांची अंदाजे संख्या आणि कार्यक्रम विनामूल्य असल्याचे नमूद करून लिहिलेत तर बरे.

अंत्रुजकर (माशेल)

सर्वांचे मनापासून आभार. मांडवीकाठ, मुलाला मी इंग्रजी आवृत्ती दाखवली होती, कारण तो इंग्रजी माध्यमात शिकतो आणि त्याला ती सोपी जाईल असे मला वाटले. काल रात्री हिंदी आवृत्तीचा पहिला भाग लावला. शीर्षकगीत सुरू होताच त्याची आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि उभ्याउभ्याच ते गाऊ लागली. मुलगा तिच्याकडेच पाहत राहिला. त्यानंतर आम्ही सलग तीन भाग पाहिले आणि चौथ्या भागाचा आग्रह त्याने केला. गीताचा प्रभाव, आईचा प्रभाव की कथेचा, हे मला सांगता येणार नाही, पण वेळ किती उरला हे त्याने विचारले नाही.

समितीशी बोलून पुढीलप्रमाणे ठरवत आहे. पहिल्या रविवारी 'टॉम अँड जेरी'चे निवडक लघुपट, पाटीपेन्सिल बाईंनी सांगितल्याप्रमाणे आधी पाहून घेतलेले. आणि महामंडळाची परवानगी आली तर 'एक अनेक और एकता'. त्यापुढच्या रविवारांना 'जंगल बुक' पहिल्या भागापासून क्रमाने, आणि मधल्या एका रविवारी रानाविषयी बोलणारे पाहुणे. रानवाट, या कामी आपली मदत लागेल. आपण स्वतःच आलात आणि आजोबांच्या गोष्टी सांगितल्यात तर फारच उत्तम. सुरंगीची अर्ध्या वेळेची सूचना मी आजच मुलांच्या कानावर घातली आणि त्यांची यादी सुरूही झाली आहे. त्यातली निम्मी नावे मी कधी ऐकलेली नाहीत. तीही क्रमाने पाहीन. परवानगीची पत्रे मी या आठवड्यात टंकलिखित करून घेतो; उत्तर येणार नाही ती मालिका यंदा दाखवणार नाही.

मांडवीकाठ (पणजी)

उत्तम. दोन व्यावहारिक सूचना करतो. सकाळी दहानंतर मे महिन्याचे ऊन इतके प्रखर असते की, खिडक्यांना जाड पडदे नसतील तर प्रोजेक्टरवरचे चित्र फिके दिसेल. सभागृहाची पूर्वेकडची बाजू आधी झाकून घ्या आणि आदल्या दिवशी त्याच वेळी एकदा लावून पाहा. ध्वनी मात्र संगणकाच्या आतल्या स्पीकरवर सोडू नका, भजनाच्या कार्यक्रमाला वापरता तो संच जोडा, कारण स्कॉट ब्रॅडलीचे संगीत नीट ऐकू आले नाही तर निम्मा आनंद तिथेच जाईल.

आणि एखाद्या रविवारी मला यायला आवडेल. मुलांना कोऱ्या कागदाच्या लहान वह्या द्या, शक्यतो जाडसर कागदाच्या, म्हणजे पाने अंगठ्याखालून सरसर सुटतात. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात चेंडूचे एकेक चित्र काढायचे, प्रत्येक वेळी थोडेसे सरकवून, आणि जमिनीला टेकतो तिथे तो किंचित चपटा करायचा. बारा पानांत एक उडी होते. एवढे केल्यावर टॉमची झेप त्यांना समजावून सांगावी लागणार नाही. वह्या आणि पेन्सिली मी घेऊन येईन, तुम्ही फक्त मुलांची संख्या कळवा.